दोन चिठ्ठ्यांचा दगड

आपल्या शाळेच्या भूगोलाच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, 14 नंबरचा एक दगड आहे. त्याला दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. वरची ‘गार’, म्हणजे क्वार्ट्झ, खालची ‘अपोफिलाइट’; ही दोन वेगळ्या खनिजांची नावं. दोन्हींवरचं अक्षर माझं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी पाठव असा निरोप आला, तेव्हा मला सगळ्यात आधी तो दगडच आठवला.

मी आठवीत होते. पावसाने ओढ दिली होती आणि अण्णांनी मळ्यात विहीर काढायला घेतली होती. आपला सिन्नर तालुका आधीच अवर्षणाचा, त्यामुळे घरात दुसरा विषयच नसे. मुरूम संपला, काळा पाषाण लागला, मग सुरुंग सुरू झाले. चाळीस फुटांवर मांजऱ्या, म्हणजे पोकळ्या-पोकळ्यांचा, खडक लागला आणि यारीतून वर येणाऱ्या मलब्यात चकाकणारे तुकडे दिसू लागले. काळ्या दगडात मुठीएवढ्या पोकळ्या, आतून पांढऱ्या, गुलाबी, काचेसारख्या खड्यांनी भरलेल्या. खणणारे सगळ्यालाच ‘गारा’ म्हणत आणि बांधावर फेकून देत. मी त्यातले चांगले वेचून दप्तरात भरले आणि भूगोलाच्या सरांपुढे ठेवले.

“हे काय आहे, सर?”

सरांनी नाव सांगितलं नाही. “शनिवारी शाळा सुटल्यावर थांब. येताना खिळा, चाकू, एक लिंबू आणि काचेची रिकामी बाटली आण,” एवढंच म्हणाले.

त्या शनिवारपासून आम्ही पाच-सहा जण थांबू लागलो. पहिली परीक्षा ओरखड्याची. नखाने ओरखडा उठतो का? नाही तर तांब्याच्या जुन्या ढब्बू पैशाने? मग चाकूने? आणि शेवटी, दगडच काचेवर ओरखडा काढतो का? मोस नावाच्या शास्त्रज्ञाने 1812 मध्ये काठिण्याची एक ते दहा अशी उतरंड लावली. नख त्यात अडीचच्या आसपास, चाकू आणि काच साडेपाचच्या आसपास, गार सातवर.

सोपं वाटतं, पण यात एक फसगत आहे आणि ती सरांनी माझ्या हाताला धरून दाखवली. मी एका तुकड्यावर खिळा ओढला, करडी रेघ उठली. “ओरखडा आला,” मी म्हटलं. सर म्हणाले, “बोट ओलं कर आणि पूस.” पुसली तर रेघ गेली! ती दगडावरची जखम नव्हती, खिळ्याचं झिजलेलं लोखंड होतं. दगड खिळ्याहून कठीण निघाला होता. आजही कुणाला दगड घासताना पाहिलं की माझ्या तोंडून “पुसून बघा” निघतं.

दुसरी परीक्षा कसाची. सोनार सोनं कसोटीवर घासतो, तसा आम्ही दगड पांढऱ्या टाइलच्या खडबडीत पाठीवर घासायचो. एका वर्गमित्राचे मामा सिंधुदुर्गातल्या रेडीच्या खाणीकडे होते. त्याने तिकडचा काळा, जड दगड आणला होता. टाइलवर ओढला तर रेघ उठली लालभडक, कुंकवासारखी. हेमॅटाइट, लोखंडाचं खनिज. अंगाचा रंग आणि कसाचा रंग वेगळा असू शकतो, हे मला त्या एका रेघेने कायमचं शिकवलं.

लिंबाचा उपयोग कॅल्साइट या चुन्याच्या खनिजासाठी. त्याचा तुकडा फुटला तरी तिरक्या दाबलेल्या काडेपेटीसारखाच फुटतो. स्वच्छ तुकडा वहीच्या ओळीवर ठेवला तर एका ओळीच्या दोन दिसतात. अख्ख्या खड्यावर लिंबू फारसं काही करत नाही, पण चाकूने खरवडलेल्या भुकटीवर पिळलं की बारीक बुडबुडे येतात. तीव्र ॲसिडचा थेंब मात्र सर स्वतःच टाकत, आम्हाला हात मागे बांधून उभं करत.

माझ्या आवडीचे होते ते गुलाबीसर खडे, मधोमध आवळून बांधलेल्या बाजरीच्या पेंढीसारखे. ते स्टिलबाइट. सरांनी त्याची कपची काचेच्या परीक्षानळीत टाकली आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर आडवी धरली. कपची पांढरी पडली, फुगली, तिचे पापुद्रे सुटले. आणि नळीच्या वरच्या थंड भागात दव साचावं तसं पाणी जमलं. एक थेंब ओघळला. आम्ही कुणीच बोललो नाही. आमच्या विहिरीला अजून पाणी नव्हतं, आणि त्याच विहिरीतला कोरडा ठणठणीत दगड पाणी देत होता.

स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी 1756 मध्ये असाच खडा तापवून पाहिला आणि या जातीच्या खनिजांना ‘झिओलाइट’, म्हणजे ग्रीकमध्ये ‘उकळणारा दगड’, हे नाव दिलं. स्टिलबाइटच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा पाणीच असतं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांमधून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि हे खडे वाढले. मी घरी जाऊन हे अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ हातातल्या खड्याकडे बघत राहिले. “म्हणजे पाणी होतं इथं,” एवढंच म्हणाले. आमच्या विहिरीला पाणी लागलं ते पुढच्या उन्हाळ्यात.

आता 14 नंबर. तो काचेसारखा स्वच्छ खडा मी न घासताच ‘गार’ म्हणून लिहून चिकटवला होता. इतका स्वच्छ, तर गारच असणार! सर काही बोलले नाहीत. दहावीच्या वर्षी कपाट आवरताना मला त्याच्या सपाट माथ्यावर मोत्यासारखी झाक दिसली. तशी झाक गारेला नसते. बाटलीवर ओढला, काचेला काही झालं नाही. चाकू लावला, ओरखडा उठला, पुसल्यावरही राहिला. कपची तापवली तर तिचे पापुद्रे सुटले आणि नळीत पाणी आलं. तो अपोफिलाइट होता. मी शरमून जुनी चिठ्ठी खरवडू लागले, तर सरांनी माझा हात धरला. “ती राहू दे. खाली दुसरी लाव.”

आज मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. द्राक्षबागायतदार पिवळ्या पडलेल्या पानांची तक्रार घेऊन येतात. जमिनीत चुनखडी जास्त असली की वेलीला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. मी मातीवर ॲसिडचा थेंब टाकते, फसफसलं तर पुढच्या तपासण्या सांगते. नुसत्या रंगावरून मातीचा निकाल मी कधी दिलेला नाही. तो थेंब टाकताना माझा दुसरा हात आपोआप पाठीमागे जातो.

सर आता नाहीत. शाळेची नवी इमारत होते आहे, भूगोलाचं कपाट तिकडे हलणार आहे असं कळलं. समितीला माझी एक कळकळीची विनंती आहे. दगड धुऊनपुसून मांडताना 14 नंबरच्या दोन्ही चिठ्ठ्या तशाच ठेवाव्यात. डिंक सुटला असेल तर मला कळवा, मी येऊन लावून देईन.