घरात चार कॉम्प्युटर, अँटिव्हायरस किती?

सिल्व्हर मॉलमधला दुकानदार म्हणाला, "भाऊ, तीन यूजरवाला पॅक घेऊन जा, सगळं निपटेल." आमच्या रामबागेतल्या घरी कॉम्प्युटर चार. पण दादाचा लॅपटॉप ऑफिसचा, त्याला हात लावायचा नाही. उरले तीन.

माझ्या आणि भाचीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. त्यात डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस फुकट येतो आणि घरच्या वापराला तो पुरतो, हे माझं ठाम मत. माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था प्रमुख अँटिव्हायरसच्या चाचण्या घेतात. त्यांचे निकाल फुकट वाचता येतात. वर दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर बहुधा स्वतःच बाजूला होतो, म्हणजे दुप्पट पहारा मिळतच नाही.

खरी पंचाईत बाबांच्या डेस्कटॉपची. त्यावर विंडोज १०, ज्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाबांना क्विक हील हवा, कारण "पुण्याची कंपनी, काटकरांनी उभी केली!" अभिमान बरोबर आहे, पण विंडोजमधली भोकं कुठलाच अँटिव्हायरस बुजवत नाही. म्हणून आधी मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी नोंदणी केली. ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. मग क्विक हील, एकाच कॉम्प्युटरचा.

पॅक घेणारच असाल तर पुढच्या वर्षीच्या रिन्यूअलची किंमत आधी विचारा. आणि फोटोंची एक कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन ती काढून ठेवा. रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेली डिस्कही सोडत नाही.