पानथरी काढायची तारीख ठरली होती

नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी आलेल्या कागदावर एवढंच होतं: वय ६१, शेतकरी, खूप वाढलेली पानथरी (प्लीहा), ती काढण्यापूर्वीच्या तपासण्या. शस्त्रक्रिया चार दिवसांवर होती. हिमोग्लोबिन ८.९, पांढऱ्या पेशी १४,२००, त्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ७१ टक्के, प्लेटलेट ८६,०००. आठ महिन्यांतल्या आधीच्या दोन रिपोर्टांतही आकडे जवळपास असेच, आणि खाली 'व्हायरल?' असा शेरा. व्हायरल तापात लिम्फोसाइट वाढतात हे खरं, पण आठ महिने तसेच वाढलेले राहत नाहीत.

या शेतकरी काकांची तक्रार वर्षभर एकच होती. "अर्धी भाकर खाल्ली का पोट टम्म होते जी." त्यावर रोज सकाळी पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिड कमी करणारी गोळी, चालू होतं, मलेरियाची औषधंही दोनदा देऊन झाली होती. जठर खालून-बाजूने दाबलं गेलं की हेच होतं, आणि हे ॲसिडिटीच्या खात्यात जमा होतं.

इतकी मोठी पानथरी हाताला लागत नाही असं कसं, हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. तपासणाऱ्याने हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवला की तो पानथरीच्या मधोमध पडतो. सगळीकडे सारखंच घट्ट लागतं, कड सापडत नाही, आणि पोट ताठ आहे एवढंच वाटतं. सुरुवात उजव्या ओटीपोटातून करायची. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि दर श्वासाला बोटं डाव्या बरगडीकडे थोडी सरकवायची. काकांची कड बेंबी ओलांडून उजवीकडे आली होती, तिच्यावरची खाचसुद्धा बोटाला स्पष्ट लागली. बरगडीपासून टेपने १९ सेंटिमीटर. मानेत, काखेत, जांघेत एकही गाठ नव्हती.

विदर्भात मोठी पानथरी म्हटलं की मलेरिया, सिकलसेल, यकृताच्या शिरांतला वाढलेला दाब आणि सीएमएल (रक्ताचा एक कर्करोग) ही चार नावं आधी येतात, आणि यावीतच. इथे सिकलची चाचणी निगेटिव्ह, सोनोग्राफीत यकृताची शीर मोकळी, एंडोस्कोपीत फुगलेल्या शिरा नाहीत. सीएमएलमध्ये लिम्फोसाइट नव्हे, ग्रॅन्युलोसाइट हा दुसरा प्रकार वाढतो.

रात्रभर ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत पडून राहिलेल्या रक्तावर अशा वेळी निदान करू नये. पेशी वेड्यावाकड्या होतात आणि त्यांच्या कडांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून ताजं रक्त घेतलं, अर्ध्या तासाच्या आत काचेवर पसरलं, झटपट वाळवलं आणि लिशमन रंगाने रंगवलं. शंभरच्या लेन्सखाली लहान लिम्फोसाइट दिसले. गोल, दाट केंद्रक, भोवती निळसर पेशीद्रव्याची अरुंद पट्टी, आणि कित्येक पेशींच्या एका किंवा दोन टोकांनाच आखूड तुरे. हेअरी सेल ल्युकेमिया या दिसायला जवळच्या रक्तकर्करोगात केस पेशीच्या चहूबाजूंनी असतात, पेशीद्रव्य राखाडी आणि ऐसपैस असतं, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात. काकांच्या स्लाइडवर मोनोसाइट जागच्या जागी होते. फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या यंत्रात) बी पेशी, सगळ्या एकाच लाइट चेनच्या, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या. सीडी५, सीडी१०, सीडी१०३ या दुसऱ्या बी-पेशी कर्करोगांच्या खुणा तिन्ही निगेटिव्ह.

त्याच दुपारी कंबरेच्या हाडातून दीड सेंटिमीटरचा तुकडा काढला. हाड मऊ करायला तीव्र ॲसिड वापरलं की काम एका दिवसात होतं, पण नंतरचे रंग नीट उठत नाहीत. आम्ही ईडीटीएचं द्रावण वापरतो, दोन दिवस जास्त गेले तरी चालतात. साध्या रंगात तो तुकडा जवळपास निर्दोष दिसला. बी पेशींना रंगवणारं सीडी२० लावल्यावर मात्र हाडाच्या मगजातल्या (अस्थिमज्जेतल्या) बारीक रक्तवाहिन्यांत एकामागे एक ओवलेल्या तपकिरी मण्यांच्या माळा उमटल्या. स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा. लिम्फोमांमधला, म्हणजे लिम्फोसाइटांच्या कर्करोगांमधला, हा दुर्मिळ प्रकार, आणि मंद गतीचा.

पूर्वी याचं निदान करायला पानथरीच काढावी लागे. आता स्लाइड, फ्लो आणि मगज यांवर बहुतेक वेळा भागतं. सर्जननी रिपोर्ट पाहताच शस्त्रक्रिया थांबवली. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली: न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंच्या लसी दिलेल्याच नव्हत्या. त्या निदान दोन आठवडे आधी द्याव्या लागतात, कारण पानथरी गेल्यावर हेच जंतू काही तासांत जीव घेऊ शकतात. (स्कॅनमध्ये रक्ताने भरलेल्या अनेक गाठी दिसल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. अँजिओसार्कोमाच्या (रक्तवाहिन्यांच्या कर्करोगाच्या) संशयात पानथरी न फोडता काढणं हाच मार्ग असतो, उशीर परवडत नाही.)

या लिम्फोमात हिपॅटायटिस सीची तपासणी सुटता कामा नये. काकांना १९९४ मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात दोन बाटल्या रक्त दिलं होतं. आपल्याकडे रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, आरएनएसुद्धा, म्हणजे विषाणू अजून रक्तात होता. नडग्यांवर जांभळे ठिपके होते म्हणून क्रायोग्लोब्युलिन या प्रथिनांची तपासणी पाठवली, तर पहिला रिपोर्ट निगेटिव्ह! नमुना बर्फाच्या डब्यातून आला होता. ही प्रथिनं थंडीत साकळतात आणि गुठळीबरोबर टाकली जातात. दुसऱ्यांदा ३७ अंशांच्या पाण्याच्या थर्मासमध्ये नळी ठेवून आणली, सीरम वेगळं करून मग ४ अंशांवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी तळाशी पांढरा साका बसला.

विषाणू गेला की हा लिम्फोमाही ओसरू शकतो. २००२ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी इंटरफेरॉन (विषाणूविरोधी औषध) दिलेल्या अशा नऊ रुग्णांपैकी सात जणांत हे दाखवलं होतं. हाच लिम्फोमा पण विषाणू नसलेल्या रुग्णांना त्याच औषधाचा उपयोग झाला नाही. आता गोळ्या आहेत: सोफोसबुविर ४०० आणि वेल्पाटासविर १०० मिलिग्रॅम, रोज एक, १२ आठवडे. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हिपॅटायटिस सीचे उपचार मोफत आहेत. सुरू करण्याआधी बंद केलं ते पॅन्टोप्राझोल. जठरातलं आम्ल कमी झालं की वेल्पाटासविर नीट शोषलं जात नाही, आणि वर्षभराच्या सवयीने काका ती गोळी घेतच राहिले असते.

रिटक्सिमॅब, म्हणजे बी पेशींवरचं औषध, राखून ठेवलं: ३७५ मिलिग्रॅम दर चौरस मीटरला, आठवड्यातून एकदा, चार वेळा. त्याआधी हिपॅटायटिस बीची कोअर अँटिबॉडी पाहावीच लागते, नाहीतर दबलेला विषाणू उसळून यकृत जातं. काकांची निगेटिव्ह होती.

बाराव्या आठवड्यात पानथरी ११ सेंटिमीटर, आणखी तीन महिन्यांनी ४. तेव्हाही आरएनए सापडला नाही. प्लेटलेट १,४२,०००. काका दोन भाकरी खातात. फ्लोमध्ये तोच क्लोन (एका पेशीपासून झालेला तोच समूह) अजून ३ टक्के दिसतो आणि ताज्या स्लाइडवर शोधला तर तुऱ्यांचा एखादा लिम्फोसाइट सापडतोच. पानथरी उतरली म्हणून रिटक्सिमॅब दिलं नाही, पण क्लोन उरला आहे म्हणून फाइलही बंद केलेली नाही. दर सहा महिन्यांनी रक्त, आरएनए आणि उजव्या ओटीपोटातून सुरू होणारी बोटं.