चमचाभर प्रभुभोजन

पुण्यातल्या एका रुग्णालयात मी स्पीच थेरपिस्ट आहे. पक्षाघातानंतर ज्यांना गिळता येत नाही, त्यांना पुन्हा घास घ्यायला शिकवणं हे माझं निम्मं काम. त्या रविवारी शेजारशेजारच्या खाटांवर वसईच्या कॅथलिक आजी आणि मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे एक आजोबा होते. पातळ काही दिलं की दोघांच्याही श्वासनलिकेत उतरायचं, म्हणून पावडरीने घट्ट केलेलं पाणीच चालू होतं. दोघांनाही कम्युनियन, म्हणजे पाव आणि द्राक्षाच्या पेयाचं प्रभुभोजन, हवं होतं.

फादर मिस्सेतला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतला, होस्ट छोट्या डबीत घेऊन आले; होस्ट म्हणजे पवित्र केलेली पावाची पातळ चकती, कॅथलिकांच्या श्रद्धेने ख्रिस्ताचं शरीरच. ती कोरडी चकती टाळूला चिकटेल म्हणून मी नको म्हटलं. "तिळाएवढा कण चालेल?" त्यांनी विचारलं. कणातही ख्रिस्त पूर्ण असतो ही त्यांची श्रद्धा. घट्ट पाण्याच्या चमच्यावर तो कण ठेवला. गिळून झाल्यावर आजींना "आ" म्हणायला लावलं. आवाज स्वच्छ आला, घशात काही राहिलं नव्हतं. चमचा मात्र फादरनी मला सिंकमध्ये धुऊ दिला नाही. त्यात पाणी घालून ते स्वतः प्यायले, उरलेला होस्ट आजींच्या लेकीला दिला.

तेव्हा आजोबांनीही हात पुढे केला. फादरनी तो धरून प्रार्थना केली, पण होस्ट दिला नाही. मृत्यूच्या दारातल्या माणसासारखे अपवाद सोडले, तर इतर पंथीयांना तो देण्याची त्यांना मुभा नसते. मला ते फार लागलं.

दुपारी आजोबांचे पाळकसाहेब आले. मेथडिस्टांकडे वाइन नसते, द्राक्षाचा रस असतो; तो न आंबता टिकवण्याची युक्ती १८६९ साली अमेरिकेत टॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्यानेच काढली. "यात तुमची पावडर घाला की," ते लगेच म्हणाले. त्यांनी आजींच्या लेकीलाही बोलावलं, त्यांचं मेज सर्वांना खुलं असतं. तिने हात जोडून नकार दिला.

ड्यूटीवरची नर्स केरळच्या ऑर्थोडॉक्स चर्चची. ती म्हणाली, "आमच्यात बाप्तिस्म्याच्या दिवशीच तान्ह्या बाळाला देतात, पण मीही दुसऱ्या चर्चमध्ये घेत नाही." मग मला फादरांचा चमचा आठवला. त्यावरचा ओलावाही जो वाया जाऊ देत नाही, त्याचा नकार कोरडेपणातून आलेला नसणार. तरीही त्या दोघांना एकत्र घेता यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता ख्रिस्ती रुग्ण आला की मी पहिल्याच भेटीत विचारते: कुठलं चर्च, होस्ट की पाव, वाइन की रस? आणि फादर किंवा पाळक येण्याआधीच त्यांना फोन करून किती घट्ट चालेल ते सांगते.