माझा अनुभव : दोन हजार चॉकलेट बार आणि बँकेचं एक पत्र

चॉकलेट परदेशी पाठवते म्हटलं की लोक चवीबद्दल विचारतात, वेष्टनाबद्दल विचारतात, जर्मनीतला ग्राहक कसा मिळाला ते विचारतात. मला मात्र आधी बँकेचं ते पत्र आठवतं आणि आजही राग येतो.

मी पुण्यात कोकोच्या बियांपासून बार बनवते. बिया इडुक्कीहून येतात, लाकडी पेट्यांत सहा दिवस आंबवलेल्या आणि उन्हात वाळवलेल्या. भाजणं, सालं उडवणं, कोइमतूरच्या दगडी ग्राइंडरमध्ये तीन दिवस दळणं, टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक अंशांवर वितळवून, थंड करून पुन्हा थोडं तापवणं), हे सगळं आम्ही चौघी करतो. चव बसायला दोन वर्षं गेली, पण त्या दोन वर्षांबद्दल माझी काही तक्रार नाही. आयईसी (आयात-निर्यातीचा क्रमांक), एफएसएसएआयचा म्हणजे अन्नसुरक्षेचा केंद्रीय परवाना, अपेडा या शेतमाल-अन्नपदार्थ निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) ही कामं घरी बसून ऑनलाइन झाली.

पहिली ऑर्डर ७० टक्के कोकोच्या, ६० ग्रॅमच्या २,००० बारांची होती, म्हणजे १२० किलो. १० एप्रिल २०२३ ला माल मुंबईच्या सहार विमानतळावरून निघायचा होता. कस्टमची कागदपत्रं करून देणारा ब्रोकर म्हणाला, "मॅडम, एडी कोडची नोंदणी झाल्याशिवाय शिपिंग बिल भरता येत नाही. बँकेकडून पत्र आणा, दोन दिवसांचं काम आहे."

शिपिंग बिल म्हणजे निर्यातीसाठी कस्टमकडे भरायचा अर्ज. एडी कोड म्हणजे परदेशातून येणारे पैसे ज्या बँकेत जमा होणार, त्या बँकेचा रिझर्व्ह बँकेने दिलेला क्रमांक. बँक तो आपल्या लेटरहेडवर लिहून देते आणि आपण ते पत्र कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर चढवायचं. तेव्हा ही नोंदणी बंदरनिहाय लागायची, आणि कस्टमच्या भाषेत विमानतळही बंदरच. तुमच्या वेळी नियम काय आहे ते ब्रोकरकडून ताडून घ्या.

५ एप्रिलला मी शाखेत गेले. गेली सात वर्षं माझं चालू खातं तिथेच आहे. काउंटरवरच्या बाईंनी असं पत्र कधी पाहिलं नव्हतं. मॅनेजर म्हणाले, हे फॉरेक्सच्या, म्हणजे परकीय चलनाच्या शाखेत मिळेल. तिथे गेले, तर खातं तुमच्या शाखेचं आहे, विनंती तिकडूनच आली पाहिजे म्हणाले. मग विनंतीचा ईमेल, त्याची आठवण, आठवणीची आठवण. १३ तारखेला पत्र हातात पडलं. १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. घरी येऊन वाचलं, तर पत्र न्हावा शेवा बंदराच्या नावाने! माझा माल विमानाने जाणार होता. कुणा दुसऱ्याचा मजकूर घेऊन फक्त नाव बदललेलं होतं.

दुसरं पत्र २० तारखेला मिळालं, कारण मधे सही करणारे साहेब रजेवर होते. त्यात बंदर बरोबर होतं, पण खातेदार म्हणून माझं स्वतःचं नाव होतं. आयईसी फर्मच्या नावाने आहे. कस्टमने अर्ज परत केला, आणि तो परत करायलाच हवा होता. तिसऱ्या पत्राच्या वेळी मी मजकूर स्वतः टाइप करून नेला, अधिकाऱ्यासमोर बसले आणि सही होईपर्यंत उठले नाही. ते पत्र २८ ला मिळालं. शनिवार-रविवार आणि महाराष्ट्र दिन गेल्यावर २ मे रोजी मंजुरी आली.

पुण्यातला एप्रिल काय असतो ते सांगायला नको. तयार बार १८ अंशांच्या खोलीत ठेवले होते. एका रात्री आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर गेला आणि सकाळपर्यंत वीज नव्हती. भिंतीलगतच्या खोक्यांतले बार उघडले, तर त्यांच्यावर पांढुरकी झाक आली होती. कोकोचं लोणी सुटून वर येतं तेव्हा असं होतं. असं चॉकलेट खायला चालतं, पण पहिल्या ग्राहकाला ते पाठवणार नव्हते. आम्ही ३०० बार सोलले, ४५ अंशांवर वितळवले, २७ वर आणले, पुन्हा ३१ पर्यंत नेऊन साच्यांत ओतले. बॅच क्रमांक बदलला, म्हणून पॅकिंग लिस्ट बदलली, प्रयोगशाळेचा अहवालही नव्या बॅचचा काढावा लागला. छापील वेष्टनं गेली ती गेलीच. एका पत्रातल्या एका ओळीमुळे हे सगळं झालं.

तेव्हा बँकेतून पत्र घेतलं की काउंटरवरच उभं राहून वाचा: फर्मचं नाव, खाते क्रमांक, बंदर, शिक्का. आणि हे काम ऑर्डर येण्याआधी, डिसेंबर-जानेवारीत उरका.

अहवालावरून आठवलं, कॅडमियम या विषारी धातूची तपासणी बार झाल्यावर नाही, बिया विकत घेण्याआधी करून घ्या. युरोपात ५० टक्के किंवा त्याहून जास्त कोको असलेल्या चॉकलेटला किलोमागे ०.८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. कॅडमियम मातीतून बियांत उतरतं, ते भाजून किंवा दळून जात नाही. मिल्क चॉकलेटची ऑर्डर मी सरळ नाकारली, कारण दुधाचा अंश आला की युरोपचे प्राणिजन्य पदार्थांचे नियम लागतात आणि ते आमच्या आवाक्यातले नाहीत. लेबल जर्मनमध्ये लागतं, त्यावर तिकडच्या आयातदाराचं नाव-पत्ता हवा.

४ मेच्या रात्री माल जेल पॅक आणि थर्मल ब्लँकेटमध्ये गुंडाळून निघाला. सहा दिवसांनी आयातदाराने बार मोडतानाचा व्हिडिओ पाठवला. टक्क असा स्वच्छ आवाज आला. आम्ही चौघींनी तो किती वेळा ऐकला असेल!

एक राहिलंच. आगाऊ आलेली निम्मी रक्कमही त्याच बँकेत चार दिवस अडकली होती, कारण पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक, दिलेला नव्हता. निर्यातीच्या आगाऊ रकमेसाठी तो पी०१०३ आहे. पैसे येणार असं कळलं, की त्याच दिवशी इन्व्हॉइस जोडून तो बँकेला ईमेलने कळवा आणि पोच मागून घ्या.