मधल्या कॉटवरची झोप

जूनमध्ये ॲडमिशनला आलेले पालक मला ठरलेले प्रश्न विचारतात. गरम पाणी किती वाजेपर्यंत, गेट कधी बंद होतं, कॅमेरे कुठं कुठं आहेत, मेसमध्ये बुधवार-रविवार मटण-चिकन असतं का. आया कपाटाला कुलूप नीट लागतं का ते स्वतः लावून बघतात, वडील टेरेसवर जाऊन पाण्याची टाकी बघून येतात. आपली मुलगी ज्या दोघींबरोबर वर्षभर एका खोलीत झोपणार आहे, त्या दोघी रात्री दिवा किती वाजता बंद करतात, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. माझ्या मते त्या मुलीची तब्येत, तिचा अभ्यास आणि तिचा स्वभावसुद्धा वर्षभर कसा राहणार हे या एका गोष्टीवर फार अवलंबून असतं.

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर. त्याआधी हायस्कूलला विज्ञान शिकवायची, त्यामुळे मुली आजारी पडल्या, चिडचिड्या झाल्या की कारण शोधायची सवय आहे. आमच्याकडे चंदगड, आजरा, गडहिंग्लज, शाहूवाडीच्या मुली असतात, घाट चढून आलेल्या कणकवली-वैभववाडीच्या असतात, निपाणी-बेळगावकडच्याही असतात. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी फार्मसीला, कुणी नर्सिंगला, कुणी बीएस्सीला, तर काहीजणी दिवसभर अभ्यासिकेत बसून एमपीएससी करणाऱ्या.

झोपेचा विषय निघाला की सगळे मोबाइलवर येऊन थांबतात. मोबाइलमुळे झोप बिघडते हे खरंच आहे, त्यात वाद नाही. पण इयरफोन लावून बघितलेला मोबाइल त्या एका कॉटपुरता राहतो. भिंतीवरची ट्यूब तिघींच्या डोळ्यांवर असते. हॉस्टेलमधली झोप एकटीची नसतेच, ती अख्ख्या खोलीची असते. हे लक्षात न घेता एकेका मुलीला समोर बसवून 'लवकर झोपत जा' म्हणण्यात काही अर्थ नाही.

आमच्याकडची एक खोली सांगते. तीन कॉट. दाराजवळ नर्सिंगची मुलगी, सकाळच्या ड्युटीसाठी तिला पाचला उठावं लागायचं. खिडकीजवळ इंजिनिअरिंगची, तिची शीट आणि जर्नलं रात्री दहानंतर सुरू व्हायची आणि एकपर्यंत चालायची. मधल्या कॉटवर चंदगडकडची, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. घरी नऊला जेवून साडेनऊला झोपायची सवय. ही इथंही दहाला आडवी व्हायची आणि साडेसहाला उठायची. कागदावर बघितलं तर साडेआठ तास झोप, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला सात ते नऊ तास पुरतात.

प्रत्यक्षात काय व्हायचं ते मी एका रात्री त्या मजल्यावर राहून बघितलं. ही ओढणीची घडी करून डोळ्यांवर ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करायला जायची, पण मधल्या कॉटला भिंतच नसते. एकीकडे पाठ केली की दुसरीकडे तोंड येतं. कागदाची सळसळ, मध्येच एक्स्टेंशन बोर्डात चार्जर खुपसल्याचा खट्ट आवाज, पाण्याच्या बाटलीचं झाकण. एकला दिवा बंद. मग पावणेपाचला दाराजवळचा अलार्म. तो स्नूझवर. परत चार-पाच मिनिटांनी. मग बादलीची कडी, मग मोबाइलच्या टॉर्चवर केसांच्या पिना शोधणं. टॉर्चचा झोत दोनदा मधल्या उशीवरून गेला. अलार्म लावणारी आणि शीट काढणारी या दोघींनाही आपापली झोप कमी पडत होती, पण दोघींच्या वेळांचा भार पडत होता तिसरीवर.

झोपेचं गणित असं आहे की रात्रीचा पहिला भाग गाढ झोपेचा. शरीराची डागडुजी तेव्हा होते. साधारण नव्वद मिनिटांचं एक चक्र, अशी चार-पाच चक्रं. पहाटेकडच्या चक्रांत स्वप्नांची झोप वाढत जाते आणि मन शांत राहण्याशी, शिकलेलं पक्कं होण्याशी तिचा संबंध आहे. मधल्या कॉटवरच्या मुलीचं सुरुवातीचं टोक उजेडात जात होतं आणि शेवटचं अलार्ममध्ये. त्यात उजेड पडला की मेंदूतलं मेलाटोनिन कमी तयार होतं. रात्र झाली हा निरोप शरीराला देणारं रसायन ते हेच, म्हणजे निरोपच उशिरा पोचतो.

डोकेदुखीची गोळी मागायला ती आठवड्यातून कितीदा तरी खाली यायची. मी विचारलं, "तू त्या दोघींना सांगत का नाहीस?" तर म्हणाली, "काय सांगू ओ मॅडम, तिचं बी सबमिशन हाय, हिची बी ड्युटी हाय. मी काय बोललो न्हाई कुणाला." तिचं बरोबर होतं. त्या दोघींपैकी कुणाचंच चुकलेलं नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या एका नर्सिंगच्या मुलीला प्रोजेक्टसाठी झोपेची प्रश्नावली भरून घ्यायची होती. पिट्सबर्गची म्हणून ती जगभर वापरतात, १९८९ साली प्रसिद्ध झालेली. स्वतः भरायचे १९ प्रश्न, त्यांचे सात भाग, गुण शून्य ते २१, आणि पाचाच्या वर गुण गेले की झोप चांगली नाही असं धरतात. आमच्या मुलींनी जेवणानंतर हॉलमध्ये बसून ती भरली. मी चाळत होते. झोप मोडण्याची कारणं त्यात एकेक करून दिली आहेत: बाथरूमला उठावं लागणं, खोकला किंवा घोरणं, थंडी, उकाडा, वाईट स्वप्नं, दुखणं. सगळ्यात शेवटी 'इतर कारणे, लिहा'. आमच्या मुलींचे वरचे रकाने बऱ्यापैकी मोकळे आणि ही शेवटची ओळ गच्च भरलेली. 'लाईट.' 'हिचा अलार्म.' 'फोनवर बोलणं.' एकीनं 'पंख्यावरून भांडण' असं लिहिलं होतं. त्या प्रश्नावलीला खोलीतल्या जोडीदारासाठीही पाच प्रश्न जोडलेले आहेत, ही घोरते का, झोपेत पाय झटकते का अशा धर्तीचे. पण ते गुणांत धरत नाहीत. माझ्या हॉस्टेलपुरतं बोलायचं तर सगळं उत्तर त्या न धरलेल्या बाजूलाच होतं.

तेव्हापासून आम्ही खोल्या वेळापत्रकावरून लावतो. ॲडमिशनच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवले: कॉलेजला किती वाजता निघावं लागतं आणि घरी किती वाजता झोपायची सवय आहे. पहाटेच्या ड्युटीवाल्या एका बाजूला, जिन्याजवळ, म्हणजे बादल्या घेऊन त्यांना सगळ्या मजल्यावरून जावं लागत नाही. उशिरापर्यंत जागणाऱ्या दुसऱ्या टोकाला. प्रत्येक कॉटला वेगळा छोटा दिवा आणि त्याचा वेगळा स्विच. वायरमननं दोन दिवसांत काम केलं, खर्च फार आला नाही. साडेदहाला मोठी ट्यूब बंद, पुढं ज्याची त्याची.

याला सगळ्यात जास्त विरोध आयांचा झाला. त्यांना मुलीच्या खोलीत 'आपल्या भागातली' हवी असते. आजऱ्याची आजऱ्याबरोबर, कोकणातली कोकणातलीबरोबर. मला ती माया कळते. पहिल्यांदा घर सोडलेल्या मुलीला आपली बोली बोलणारं कुणी असलं की रडू कमी येतं. म्हणून पहिले पंधरा दिवस मुलींना हवं तसं राहू देते आणि कॉलेजची वेळापत्रकं हातात आली की बदलते. गावच्या मैत्रिणी मेसमध्ये, टेरेसवर, रविवारी रंकाळ्यावर भेळ खायला बरोबर असतातच. झोपायला बरोबर असायची गरज नाही.

दुपारचं एक सांगायचं आहे, कारण निम्म्या रात्री तिथं बिघडतात. दोनला मेसमध्ये भात-आमटी झाली की पडदा ओढून मुली पाचपर्यंत झोपतात. जागं असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि तेच रात्री झोप ओढून आणतं. दुपारी तीन तास झोपलं की तो साठा उतरतो आणि रात्री एक वाजला तरी डोळे टक्क. मग पुस्तक उघडतात, दिवा लागतो, आणि पुन्हा मधल्या कॉटची रात्र जाते. दुपारी वीस-पंचवीस मिनिटं, तीनच्या आत, एवढी डुलकी मी चांगली मानते. कॉफीचंही तेच. रात्री नऊला मोठा मग घेतला तर कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे दोन वाजता अर्धं अंगात असतं. कॅफिन त्या ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं, थकवा घालवत नाही. आमच्या मेसच्या मावशींनी संध्याकाळी सहानंतर चहा बंद करून हळदीचं दूध सुरू केलं. मुली आधी कुरकुरल्या, आता रांगेत असतात.

सकाळच्या उन्हाबद्दल कोल्हापूरकरांनी जास्त विचार करायला हवा. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरचं आणि आपण साधारण ७४ अंशावर. म्हणजे सूर्य आपल्याकडे घड्याळापेक्षा अर्ध्या तासाहून थोडा जास्त मागं असतो. जानेवारीत सूर्य उगवायलाच सात वाजतात. या वयात शरीराचं घड्याळ तसंही उशिराकडं सरकलेलं असतं, तो आळस नाही, शरीराचाच भाग आहे. अशा मुलीला सातच्या तासाला अंधारात बाहेर पडायला लागतं आणि मग दिवसभर ट्यूबखाली बसायला. ज्यांना जमतं त्यांना मी सुट्टीदिवशी सकाळी विद्यापीठाच्या आवारात चालायला घेऊन जाते. उठायची वेळ रविवारीसुद्धा तासाभरापेक्षा जास्त पुढं ढकलू नका, एवढंच मागते. झोपायची वेळ हुकमानं येत नाही. उठायची वेळ ठरवता येते.

परीक्षेत नाइट मारण्याबद्दल मी कडक आहे. सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते, हे मोजून बघितलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. सकाळी सहाला उठलेली मुलगी रात्री अकरालाच तिथं पोचते, आणि ही पोरगी रात्रभर वाचून सकाळी ॲक्टिव्हा काढते. पेपरच्या दिवशी रात्रभर जागलेल्या मुलीला मी चावी देत नाही, रिक्षा बोलावते. यावर माझ्याशी भांडलेल्या मुली आहेत.

काही झोपा खोली बदलून सुधारत नाहीत. रात्री पायात वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही अशी तक्रार आली की मी आधी रक्त तपासायला पाठवते, लोह कमी असलं की असं होऊ शकतं आणि आमच्याकडच्या मुलींत ते कमी असणं नवीन नाही. आठवड्यातून तीन-चार रात्री झोप येत नाही आणि असं महिनोन्‌महिने चाललंय, किंवा पहाटे तीनला जाग येऊन रडू येतं, तर ते डॉक्टरांचं काम. नोटीस बोर्डावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोठ्या अक्षरात लावलाय. फुकट आहे, मराठीत बोलतात.

या गावाला वसतिगृहांची परंपरा आहे. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजातल्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी राहत गेली. खेड्यातल्या पोराला शिकायचं तर गावात आधी राहायला जागा पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. त्या जागेत रात्रीची झोपही आली असं मी धरते. म्हणूनच गणपतीत राजारामपुरीत साउंड लागतो तेव्हा मी मंडळाच्या पोरांना जाऊन सांगते, की बाळांनो, दहानंतर तरी, वर तुमच्याच बहिणींएवढ्या मुली आहेत. दहा ते सहा लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे. पण नियमापेक्षा ओळखीनं जास्त काम होतं, आणि बरीच पोरं ऐकतात.

अजून सुटलेलं नाही ते नाइट ड्युटीच्या मुलींचं. त्या सकाळी आठ-नऊला परत येतात आणि त्यांची रात्र तेव्हा सुरू होते, तर आमची मोटर अकराला लागते, झाडूवाल्या मावशी दहाला, कुरिअरवाला कधीही. मागच्या बाजूची एक खोली त्यांच्यासाठी राखलीय, गांधीनगरहून जाड कापड आणून पडदे शिवायला टाकलेत, मोटरची वेळ बदलायचं घरमालकांनी कबूल केलंय. जेवणाचं अडतं. मेस एकला उघडते आणि दोनला बंद होते, आणि जेवायचं म्हणून त्या ऐन झोपेतून उठतात. डबा ठेवला तर भाकरी कडक होते, भात गार. इतर हॉस्टेलच्या कुणी रेक्टरनं किंवा मेसवाल्या ताईंनी यावर काही तोडगा काढला असेल तर मला जरूर कळवा, जूनच्या आत मला हे लावायचं आहे.