अकरा जण

रविवार, रात्री साडेदहा

आज चर्चच्या उपासनेत मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या अध्यायाचं वाचन होतं. ‘तुम्ही जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा.’ आजी कुटुंब प्रार्थनेत आमच्याकडून हा उतारा इतक्यांदा म्हणून घ्यायची की तो पाठ कधी केला तेही आठवत नाही. आज मात्र मन अडकलं त्याआधीच्या एका शब्दात. गालीलातल्या डोंगरावर येशूचे ‘अकरा’ शिष्य गेले. बारा नाही. एकाची जागा रिकामी होती, आणि जे आले होते त्यांतल्याही काहींना संशय होता, असं मत्तय सरळ लिहून टाकतो. ही आज्ञा अशा लोकांना मिळाली.

वाचन चालू असताना माझ्या डोळ्यांपुढे तीच मुलगी होती.

तीन वर्षांपूर्वी ती माझ्या दृढीकरण वर्गात, म्हणजे मंडळीत विश्वास जाहीर करण्याआधीच्या शिकवणीत, होती. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, संस्कारांवरचे प्रश्न, सगळं तिला येत होतं. पांढऱ्या साडीत वेदीपुढे गुडघे टेकले तेव्हा मला किती समाधान वाटलं होतं! वर्षभरातच तिचे वडील गेले. मी अंत्यविधीला गेले, तिच्या आईचा हात हातात घेतला आणि घरी आले. त्यानंतर महिनाभर तिच्या दारात पाऊल टाकलं नाही. हळूहळू ती यायची थांबली, आणि ‘हल्लीची मुलं’ म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

पाळकसाहेबांनी आज प्रवचनात एक गोष्ट सांगितली. मूळ ग्रीकमध्ये या वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘शिष्य करा’. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही तिन्ही त्याला जोडून येतात. मराठीत ‘जाऊन’ तसं छान उतरलंय, पण ‘द्या’ आणि ‘शिकवा’ वेगळ्या आज्ञा झाल्यात. शिवाय तिथे नुसतं ‘शिकवा’ नाही, ‘पाळायला शिकवा’ आहे. मी शिकवलं होतं. पाळायला शिकवायचं तर जवळ राहावं लागतं. मार्क तर त्याच्या शुभवर्तमानात स्पष्टच सांगतो की येशूने बारा जण नेमले ते आधी त्यांनी त्याच्याबरोबर असावं म्हणून, आणि मग त्यांना पाठवावं म्हणून. माझ्या वर्गात ‘बरोबर असणं’ रविवारी पाऊण तासाचं होतं.

दुपारी लक्ष्मीबाई टिळक आठवत राहिल्या. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला, ते तो वाचत गेले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट आपण मंडळीत पुष्कळदा सांगतो. लक्ष्मीबाईंची मला जास्त मोलाची वाटते. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, मधे पाच वर्षं. आधी ताटातूट, रडणं, संताप. मग एकत्र आल्यावरही सोवळं-ओवळं, वेगळं पाणी, आणि हा भेद मुळात केला कोणी हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडेपर्यंतचा काळ. ती वर्षं कोणी वगळून टाकू शकलं नसतं.

पंडिता रमाबाईंचं तर उलट. बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त स्वतः भेटायला पुढे कितीतरी वर्षं लागली, असं त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. रमाबाईंना जर वर्षं लागली, तर सोळा वर्षांच्या पोरीकडून मी एका पांढऱ्या साडीच्या दिवसात सगळं पुरं झालेलं का धरलं?

शेजारणी कधी कधी विचारतात, ‘तुमच्यात माणसं वाढवायचं काम असतं ना?’ त्यांच्या मनात धर्मांतर असतं. मी त्यांना काय सांगू? ज्या घरात आजारपण आहे तिथे भाकरी घेऊन जायचं, भांडण झालं तर आपण आधी बोलायचं, खोटी पावती करायची नाही, आणि कोणी कारण विचारलं तर येशूचं नाव लपवायचं नाही. आजीने मला असंच घडवलं. तिने माझा वर्ग कधी घेतला नाही.

संध्याकाळी पावसाने उघडीप दिली तशी दिल्ली गेटच्या बाजूला त्यांच्या घरी गेले. ठरवून काहीच गेले नव्हते. आईने दार उघडलं. मायलेकी शेंगा फोडत बसल्या होत्या, मीही सूप पुढे ओढलं. मुलगी फारसं बोलली नाही. चहा झाल्यावर मी तिला म्हटलं, ‘बाबा गेल्यावर मी यायला हवं होतं. आले नाही. चुकलं माझं.’ ती सूपातच बघत राहिली. मग म्हणाली, ‘मी वाट बघायचे, बाई.’

यावर मला काही बोलता आलं नाही.

निघताना आईने एक गीत म्हणायला सांगितलं. टिळकांचंच घेऊ म्हटलं, पण दुसरं कडवं मला आठवेना. मुलगी उठली आणि कपाटातून वडिलांचं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक घेऊन आली. कव्हर निघालेलं, पानं पिवळी पडलेली. तिची आई आणि मी, आम्ही दोघी गायलो. मुलगी गायली नाही, पण गीत संपेपर्यंत पुस्तक माझ्यासमोर धरून उभी राहिली.