पोत्यामागून चालत जावे: हॅम्बर्गच्या वखारनगरीतील पायी फेऱ्या

हॅम्बर्गला येणारे बहुतेक पाहुणे पोगनम्युलन पुलावर थांबतात, दोन कालव्यांच्या बेचक्यात उभी असलेली ती बुरूजवजा वास्तू चौकटीत नीट बसेपर्यंत छायाचित्रे काढतात आणि मग एल्बफिलहार्मोनी ह्या संगीतगृहाच्या दिशेने चालू लागतात. त्यात गैर काही नाही, कारण जागा देखणीच आहे. मात्र श्पायशरश्टाट ही लाल विटांची वखारनगरी कोणी शोभेसाठी बांधलेली नव्हती, आणि तिच्या भिंतींना एवढ्या उंचावर दारे का आहेत, छपराच्या टोकाला तांब्याची टोपरी कशासाठी आहेत, प्रत्येक इमारतीला एका अंगाला रस्ता आणि दुसऱ्या अंगाला पाणीच का लागते, हे नुसते पाहून उमगत नाही. ह्या शहरात राहायला आल्यापासून मी येथील मार्गदर्शित फेऱ्यांना पाहुण्यांबरोबर आणि कधी एकटीनेही जात आले आहे. चांगली फेरी इमारतींच्या मागे न लागता मालाच्या मागे चालते, असे माझे मत त्यातून पक्के झाले आहे.

बहुतेक फेऱ्या बाउमवाल किंवा मेसबेर्ग ह्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांपासून सुरू होतात, आणि दोन्हीकडून वखारींकडे जायचे तर आधी त्सोलकानाल हा कालवा ओलांडावा लागतो. चांगला मार्गदर्शक येथेच थांबतो, कारण सगळ्या कथेचे मूळ ह्या पाण्यात आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीचे एकीकरण झाले तरी हॅम्बर्ग जर्मन जकातसंघाच्या, म्हणजे आपसांत जकात न घेणाऱ्या जर्मन राज्यांच्या गटाच्या, बाहेरच राहिले होते. सगळे शहरच करमुक्त असल्यामुळे व्यापारी आपला माल घराच्या तळघरात नाहीतर माळ्यावर ठेवू शकत असत. जर्मन चान्सलर बिस्मार्कच्या दबावाखाली १८८१ मध्ये करार झाला आणि १८८८ च्या १५ ऑक्टोबरपासून शहर जकातसंघात गेले. त्याच्या मोबदल्यात व्यापाऱ्यांनी एक मुक्त बंदर पदरात पाडून घेतले, जेथे परदेशी माल कर न भरता उतरवता, साठवता, निवडता आणि पुन्हा बाहेर पाठवता येईल. बांधकामासाठी साम्राज्याच्या तिजोरीतून ४ कोटी मार्क मिळाले. करमुक्त हद्द आणि उरलेले शहर ह्यांच्यामधली सीमा म्हणजे हा कालवा. नाक्यावरचा पहारा पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकला; श्पायशरश्टाट मुक्त बंदराच्या हद्दीतून बाहेर आली ती २००३ मध्ये, आणि हॅम्बर्गचे मुक्त बंदर संपुष्टात आले ते २०१३ च्या आरंभी. आल्टर वांडराम रस्त्यावरच्या जुन्या जकात कचेरीत आता सीमाशुल्काचे संग्रहालय आहे. चोरट्या व्यापाऱ्यांनी माल लपवण्यासाठी लढवलेल्या युक्त्या तेथे पाहायला मिळतात आणि मुलांना ते दालन फार आवडते.

ज्या बेटांवर ही वखारनगरी उभी आहे ती ओसाड नव्हती, ही गोष्ट काही फेऱ्यांत एका वाक्यात उरकली जाते, तर काहींत सांगितलीच जात नाही. केरवीडरच्या बाजूला गोदी कामगारांची दाटीवाटीची घरे होती आणि वांडरामच्या बाजूला श्रीमंत व्यापाऱ्यांचे जुने वाडे होते. १८८३ पासून हे सगळे पाडले गेले आणि सुमारे २०,००० माणसांना तेथून उठवले गेले. त्यांच्यासाठी पर्यायी घरे बांधण्यात आली नाहीत. ज्यांना परवडले ते बाहेरच्या नव्या वस्त्यांत गेले आणि कामावर येण्यासाठी लांबची पायपीट करू लागले. ज्यांना बंदरापासून दूर जाणे शक्य नव्हते ते शहरातल्या आधीच कोंदटलेल्या गल्ल्यांत शिरले. १८९२ मध्ये पटकीची साथ आली आणि साडेआठ हजारांहून अधिक माणसे गेली. त्या साथीचे मुख्य कारण एल्बे नदीचे न गाळलेले पिण्याचे पाणी हे होते, त्यामुळे तिचा सगळा दोष वखारींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण जेथे माणसे कोंबलेली होती तेथे तिने जास्त बळी घेतले. कैसर दुसरा विल्हेल्म १८८८ च्या २९ ऑक्टोबरला ब्रोक्स पुलापाशी समारंभपूर्वक शेवटचा दगड बसवायला आला होता, हे मात्र प्रत्येक फेरीत आवर्जून सांगितले जाते.

त्यानंतर येतो तो ह्या फेऱ्यांचा खरा गाभा, म्हणजे कॉफीचे एक पोते जहाजातून छपराखाली कसे जात असे ते. मोठी जहाजे वखारींपर्यंत येऊ शकत नसत. ती धक्क्यावर लागत आणि तेथे माल पडावांत, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावांत, उतरवला जाई. ह्या पडावांना इंजिन नसे. भरती-ओहोटीच्या ओढीचा फायदा घेत, लांब बांबू तळाशी रोवून, माणसे ते ढकलत कालव्यात आणत असत. हॅम्बर्ग समुद्रापासून शंभरएक किलोमीटर आत असूनही येथे भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरहून अधिक असतो, म्हणून सगळे काम पाण्याच्या वेळापत्रकाने चाले. आजही पर्यटकांच्या नावा त्याच वेळापत्रकाला बांधलेल्या आहेत, कारण ऐन भरतीत पुलांच्या कमानींखालून त्यांना जाता येत नाही आणि ओहोटीत काही कालव्यांचा तळच उघडा पडतो.

पडाव भिंतीला लागला की छपराच्या टोकावरून साखळी खाली येई. तांब्याच्या त्या टोपऱ्यांखाली यारी, म्हणजे ओझी वर खेचणारे यंत्र, बसवलेली असे. सुरुवातीच्या वखारींत ती पाण्याच्या दाबावर चालत असे, आणि हा दाब पुरवण्यासाठी मध्यवर्ती यंत्रघर व त्याला लागून बाष्पकांची इमारत बांधलेली होती. विजेचे दिवेही येथे आरंभापासूनच होते, कारण अशा ठिकाणी तेलाचा दिवा ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे. पोत्यांचा झेला वर खेचला जाई आणि ज्या मजल्यावर तो हवा असेल तेथल्या दारात उभा असलेला माणूस त्याला हाताने आत ओढून घेई. सहाव्या मजल्याच्या उघड्या दारात, पाय घसरला तर खाली कालवा, अशा जागी दिवसभर चालणारे हे काम होते. भिंतीवरच्या उभ्या रांगेतली ती दारे एकदा ह्या नजरेने पाहिली की सगळी दर्शनी भिंत यंत्राच्या आराखड्यासारखी वाचता येऊ लागते, आणि मुख्य अभियंता फ्रान्झ आंद्रेआस मायरच्या हाताखाली त्या यंत्रावर चढवलेला गॉथिक वळणाचा साज, म्हणजे मनोरे, कंगोरे आणि चकाकणाऱ्या रंगीत विटा, त्यानंतरच ध्यानात येतो. माझ्या मते हाच क्रम योग्य आहे. पुलावरच्या छायाचित्रातल्या बुरूजवजा वास्तूचाही ह्या यंत्राशीच संबंध आहे: यारींची देखभाल करणारे कामगार तेथे राहत असत. एरवी श्पायशरश्टाटमध्ये कोणालाही राहण्याची मुभा नव्हती.

आतल्या मजल्यांवर राज्य होते ते क्वार्टियर्सलॉयटे ह्या मंडळींचे. हे कोणाचे नोकर नव्हते; वखारीतल्या जागा भाड्याने घेऊन दुसऱ्यांचा माल सांभाळणारे हे स्वतंत्र व्यावसायिक होते आणि त्यांच्या पेढ्यांच्या पाट्यांवर एका भागीदाराचे नाव आणि पुढे ‘आणि कॉन्सोर्टेन’ (म्हणजे ‘आणि भागीदार’) असे लिहिलेले असे. माल तोलणे, नमुने काढणे, प्रत ठरवणे, ओलसर झालेला माल वेगळा करणे ही सगळी कामे त्यांच्याकडे असत. पोत्याच्या विणीतून टोकदार पोकळ नळी आत खुपसून मूठभर दाणे बाहेर काढायचे आणि तेवढ्यावरून सगळ्या पोत्यांची किंमत ठरवायची, ही रीत वाशीच्या बाजार समितीत गेलेल्या माणसाला नव्याने समजावून सांगावी लागणार नाही. आम सांडटोरकाय रस्त्यावरच्या श्पायशरश्टाट संग्रहालयात ही हत्यारे, पोती उचलायचे आकडे, चहाच्या पेट्या आणि कच्च्या रबराच्या गासड्या मांडलेल्या आहेत. हे संग्रहालय जुन्या वखारीतच असल्यामुळे जाड भिंती आतली हवा कशी समतोल ठेवतात हेही तेथे अंगाला कळते. त्यांच्याकडूनही पायी फेऱ्या निघतात आणि जर्मन समजत असेल तर मी आधी त्याच सुचवेन.

कॉफीचे दाणे हाताने निवडणाऱ्या बायकांचा उल्लेख मात्र फेऱ्यांमध्ये फारसा ऐकू येत नाही. १८८७ पासून येथे कॉफीचे वायदेबाजारही चालत होते, आणि खाली लाखोंचे सौदे होत असताना वरच्या मजल्यावर ह्या बायका अत्यल्प मजुरीवर खराब दाणे वेचत असत. १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये बंदरातल्या कामगारांनी संप पुकारला. त्यात १६,००० हून अधिक माणसे उतरली, तो सुमारे ११ आठवडे चालला आणि पुढच्या फेब्रुवारीत मोडला. इतक्या मोठ्या घटनेला दोन मिनिटेही न देणारा मार्गदर्शक भेटला की मला चुटपुट लागते.

दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबवर्षावात ह्या वसाहतीचा जवळपास निम्मा भाग नष्ट झाला. वास्तुकार वेर्नर काल्मोर्गेनने पुढची दोन दशके तो पुन्हा उभा केला. काही जागी जुन्या रूपाला धरून, तर काही जागी सरळ आधुनिक पद्धतीने. विटांच्या रंगातला फरक पाहत चालले की जुने कोठे संपते ते ओळखता येते. युद्धाने जे साधले नाही ते कंटेनरने साधले. १९६८ मध्ये पहिले मोठे कंटेनर जहाज हॅम्बर्गला लागले आणि त्यानंतर पोती, पेट्या, गासड्या ह्यांचे जगच आटत गेले. पौर्वात्य गालिच्यांचे व्यापारी तेवढे पुष्कळ काळ तग धरून राहिले. आता उरलेल्या मोजक्या पेढ्या सोडल्या तर जाहिरात कंपन्या, कचेऱ्या, संग्रहालये आणि छोट्या आगगाड्यांचे ते जगप्रसिद्ध प्रदर्शन येथे आहे. २०१५ मध्ये शेजारच्या व्यापारी कचेऱ्यांच्या भागासह, म्हणजे तिथल्या चिलेहाउस ह्या प्रसिद्ध इमारतीसकट, श्पायशरश्टाट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

फेरी निवडताना दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. जुन्या काळचा पोशाख करून, हातात कंदील घेऊन भुताखेतांच्या कथा सांगणाऱ्या फेऱ्या संध्याकाळी निघतात. मुले बरोबर असतील तर त्या मजेच्या आहेत, पण वखारींबद्दल त्यांतून फार काही हाती लागत नाही. अशाच एका फेरीत पुलांची संख्या व्हेनिसपेक्षा किती जास्त आहे ह्यावरच बराच वेळ खर्च झाला आणि एकाही वखारीच्या जिन्यात पाऊल पडले नाही. आत नेणारी फेरी मिळत असेल तर तीच घ्यावी. फरसबंदी ओबडधोबड आहे, तेव्हा टाचांच्या चपला नकोत. हा भाग मुख्य बंधाऱ्याच्या बाहेर असल्यामुळे हिवाळ्यातल्या वादळी भरतीत येथले रस्ते पाण्याखाली जाऊ शकतात आणि अशा दिवशी फेऱ्या रद्द होतात. किबेलश्टेग हा उंचावरचा पूल अशाच प्रसंगी हाफेनसिटी ह्या शेजारच्या नव्या वस्तीतल्या लोकांना कोरड्या पायांनी शहरात पोहोचता यावे म्हणून बांधलेला आहे, आणि त्यावरून वखारींची छपरे फार चांगली दिसतात.

अलीकडे वसाहतवादाच्या अंगाने हाच भाग दाखवणाऱ्या फेऱ्याही निघू लागल्या आहेत आणि मराठी पाहुण्यांना मी त्या आग्रहाने सांगते. त्यांचा एक महत्त्वाचा थांबा म्हणजे कोर्नहाउस पूल, जेथे कोलंबस आणि वास्को द गामा ह्यांचे पुतळे उभे आहेत. १४९८ मध्ये कालिकतला उतरलेल्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न गोव्याच्या किंवा कोकणच्या माणसाला जर्मन मार्गदर्शकाने विचारावा लागत नाही, पण मिऱ्यांच्या वखारींसमोर तो पुतळा पाहताना गटातल्या इतरांना तो पहिल्यांदाच पडत असतो आणि चर्चा रंगते. ह्यांपैकी काही फेऱ्या तेथून पूर्वेला बाकेनहाफेनच्या धक्क्यापर्यंत नेतात, जेथून १९०४ पासून जर्मन सैन्य आजच्या नामिबियाकडे, हेरेरो आणि नामा लोकांविरुद्धच्या युद्धासाठी, जहाजांनी पाठवले गेले. तेथवर गेलात तर फेरी तीन तासांची होते. तेव्हा पोटात काही घालून निघावे आणि परतताना हाफेनसिटीतल्या स्थानकावरून भुयारी रेल्वे पकडावी.